रीफ टँकमधले कृमी : कोणते काढावे, कोणते राहू द्यावे

नौपाडा, ठाणे

चि. सोनू,

रीफ टँकमधले, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले, कृमी आपोआप पैदा होत नाहीत, ते दगडातून येतात. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा दगड हा बहुधा मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा असतो आणि त्याच्या भोकाभोकांत कोणी ना कोणी बिऱ्हाड थाटलेले असते. प्रवाळाच्या तुकड्याचा बुंधा, शेवाळाची जुडी, दुसऱ्याच्या टाकीतली मूठभर वाळू हेही त्यांचे नेहमीचे रस्ते.

भारतात या दगडाला कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या आड आलेल्या हाजीअली-वरळी किनाऱ्यावरच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. तेव्हा दुकानदार काहीही सांगो, समुद्रातून उचललेला दगड घरी आणू नये. सिरॅमिकचा किंवा कृत्रिम कोरडा दगड घ्यावा. तो मुरायला महिना-दीड महिना जास्त लागतो, पण त्यात कृमी नसतात. कायदा पाळणाऱ्याला इथे फायदाच होतो.

टाकीत सर्वांत जास्त दिसतो तो ब्रिसल वर्म. दिवसा त्याचा पत्ता नसतो. दिवे बंद करून तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी लावून पाहिले, की दगडाच्या फटीतून गुलाबी-करड्या रंगाचे, वळ्यावळ्यांचे शरीर अर्धे बाहेर आलेले दिसते. प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा एकेक झुपका असतो. धक्का लागला की झुपके फुलतात आणि कृमी ताणलेले रबर सुटावे तसा आत जातो. ते केस काचेच्या तंतूसारखे बारीक असतात. बोटात शिरले तर आग होते आणि सूज येते. तिथे चोळू नये. चिकटपट्टी लावून उपटावी, मग बोट व्हिनेगरमध्ये धरावे. टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत.

इतके असूनही हा कृमी सहसा शत्रू नसतो. माशांनी टाकलेले अन्न, मेलेली गोगलगाय, वाळूतला गाळ तो खातो. मेलेल्या माशावर तो दिसला म्हणून मासा त्यानेच मारला, असे ठरवणे घाईचे आहे. बहुतेक वेळा तो नंतर आलेला असतो. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात त्याचे असंख्य नातेवाईक हेच काम करतात आणि ओहोटीला उतरणारे पाणपक्षी त्यांच्यावर जगतात. टाकीत त्यांची संख्या एकदम वाढली, तर अन्न जास्त पडते आहे एवढाच त्याचा अर्थ. आधी खाद्य निम्मे करावे, वाळू उपसून गाळ काढावा. तरीही कमी करायचेच असतील, तर लहान प्लॅस्टिकच्या बाटलीला बारीक भोके पाडून आत कोलंबीचा तुकडा ठेवावा, रात्री बाटली दगडाशी आडवी ठेवावी आणि सकाळी दिवे लागण्याआधी उचलावी. सगळे संपवण्याच्या फंदात पडू नये; ते जमत नाही आणि जमले तर गाळ खायला कोणी उरत नाही. नळीतून पिसांचा पंखा काढणारे फेदर डस्टर, फटीतून लांब दोऱ्या सोडणारे स्पॅगेटी वर्म आणि काचेवरच्या बारीक, पांढऱ्या, चकलीसारख्या वेटोळ्या नळ्या यांना तर हातही लावू नये.

खरा शिकारी युनिस जातीचा. तो सप्तरंगी चमकतो, डोक्यावर पाच मिशा असतात आणि जबडे कात्रीसारखे चालतात. इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या मत्स्यालयात २००९ साली प्रवाळ तुटताना आणि मासे नाहीसे होताना दिसत होते. सगळी टाकी सोडवल्यावर चार फूट लांबीचा असा कृमी निघाला. असा कृमी आपल्या टाकीत दिसला तर त्याला चिमट्याने ओढू नये, कारण तो तुटतो आणि उरलेला भाग आतच राहतो. तो राहतो तो दगड ओळखून बाहेर काढावा, बादलीत धरावा आणि भोकात सिरिंजने साधे सोडावॉटर सोडावे. कृमी गुदमरून बाहेर येतो. दगड उकळणे हा उपाय कधीही करू नये. त्यावर झोअँथिड हे प्रवाळासारखे मऊ जीव असतील तर वाफेबरोबर त्यांचे पॅलिटॉक्सिन हे विष घरभर पसरते आणि माणसे इस्पितळात जातात.

चपटे कृमी हे वेगळे प्रकरण आहे. गंजाच्या रंगाचे, चारपाच मिलिमीटरचे, मागे टोके फुटलेले हे ठिपके वाळूवर आणि प्रवाळावर थर धरतात. ते प्रवाळ खात नाहीत, उजेड अडवतात. रोज पंधरा मिनिटे एअर पाइपने ते ओढून काढावेत. सहा रेघांचा रॅस मासा काही खातो, पण लहान टाकीत तो भांडखोर होतो. औषध शेवटी. कृमी एकदम मेले की अंगातले विष पाण्यात सोडतात आणि मासे त्यानेच मरतात. म्हणून आधी होतील तितके हाताने काढावेत, कार्बन नवा भरावा, निदान चतुर्थांश पाणी खारट करून तापमान जुळवून तयार ठेवावे आणि मगच बाटलीवर छापलेल्या मात्रेने औषध घालावे. मे महिन्यात हा उद्योग टाळावा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो आणि त्यातच वीज गेली तर वेळ मिळत नाही. तांब्याची औषधे रीफमध्ये वर्ज्य. ती दगडात मुरतात आणि झिंगे, गोगलगायी मारतात.

अॅक्रोपोरा हे दगडी प्रवाळ खाणारा चपटा कृमी त्या प्रवाळाबरोबरच येतो आणि ते प्रवाळ अनुसूचीत आहे, म्हणून त्याची काळजी इथे पडायला नको. तरी तत्त्व लक्षात ठेवावे : औषधी पाण्यात बुडवल्याने कृमी झडतात, अंडी टिकतात. कोणताही नवा जीव महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा, दर आठवड्याला बुडवावा आणि ज्या बुंध्यावर तो आला तो फोडून टाकून द्यावा.

काढलेले कृमी व्हिनेगरमध्ये मारून कचऱ्यात टाकावेत. टाकीचे पाणी मोरीत सोडावे; मासुंदा तलावात किंवा खाडीत कधीही नाही. घरच्या टाकीतले परके जीव तिथे पोहोचले, तर ते परत काढता येत नाहीत.

मामा