साठ पट की आठ पट?

शाळेसाठी एक दुर्बीण घ्यावयाची होती. पैसा वर्गणीतून जमलेला, तोही एकाच दुर्बिणीपुरता. म्हणून आम्ही दोन प्रकारच्या दुर्बिणी उसन्या आणल्या आणि हिवाळ्यातील एका पहाटे नववीच्या मुलांसह करमळीच्या तळ्यावर गेलो. एक होती दोन नळ्यांची, गळ्यात अडकविता येणारी बायनॉक्युलर. दुसरी तिपाईवर उभी करावयाची एकनळी, जिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. पहिलीवर ८×४२ असे आकडे होते, दुसरीवर २०-६०×६५. "सर, साठ पट दाखविणारी असताना आठ पटीची कशाला?" हा मुलांचा प्रश्न. खरे सांगावयाचे तर आमचेही मन साठाकडेच झुकले होते.

यांतील पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो. दुसरा म्हणजे पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. आठ पटीच्या दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटर, साठ पटीवर जेमतेम एक. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. पहाटेच्या अंधुक उजेडात ती पाच-सहापर्यंत विस्फारते. तेव्हा तिला प्रकाश हवा असतो, आणि साठ पट नेमका तोच देत नाही. आम्ही मोठ्या ऐटीने साठावर फिरविले, तो समोर करडा धूर! त्याच क्षणी बायनॉक्युलर हाती असलेली मुले मात्र पाण्यावरील अडई बदकांचा थवा मोजू लागली होती.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. एक किलोमीटर अंतरावर आठ पटीची दुर्बीण सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दाखविते. साठ पटीवर तो वीस मीटरच्या आसपास उरतो. उडत्या खंड्याचा पाठलाग एवढ्याशा खिडकीतून कसा व्हावा? शिवाय जितके पट चित्र मोठे, तितकाच हाताचा कंपही मोठा. दहा पटींच्या पुढे बहुतेकांचा हात पुरत नाही, तिपाई लागतेच.

उजाडल्यावर मात्र स्कोपचे दिवस आले. पलीकडच्या काठाशी काही तलवार बदके होती. स्कोप वीस पटींवर स्थिर केला आणि मुलांची रांग लावली. प्रत्येकाने तोच पक्षी, तीच लांब टोकदार शेपटी पाहिली. बायनॉक्युलरने "दिसला का?" "कुठे?" यातच अर्धी वेळ जाते. वर्गाला शिकविण्यासाठी स्कोपसारखे साधन नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली, तेव्हा चाळीस पटीसुद्धा निरुपयोगी ठरली.

जेथे शिकार कायदेशीर आहे, अशा देशांतील शिकारीही दोन्ही बाळगतात: बायनॉक्युलरने डोंगर धुंडाळावयाचा, आणि दूरच्या हरणाची शिंगे व वय स्कोपने पारखावयाचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दुर्बीण केवळ पाहण्यासाठीच उरली. चोडण बेटावरील अभयारण्यास ज्यांचे नाव आहे, ते सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. अशीच मारलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखता आली नाही, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तेव्हा ओळखण्यासाठी पक्षी हाती घ्यावा लागे. ते काम आता भिंग करते.

शेवटी आम्ही आठ पटीचीच घेतली. कारण रानात चालताना ती बरोबर येते, आणि पक्षी बहुधा थांबत नाही. चष्मा असलेल्यांनी डोळ्यापाशीचे रबरी कडे मिटवून किंवा खाली फिरवून घ्यावे, म्हणजे पूर्ण चित्र दिसेल. पक्ष्यावरची नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांशी न्यावी. खाली पाहून ती शोधू नये. आणि कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, डोळा कायमचा जाईल. दुर्बीण विज्ञानाच्या कपाटात आहे. किल्ली आमच्याकडे मागावी.