खचलेल्या मनास आधीं भाकर

वाचनपाठ : १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते १८



ह्या पाठाचा विषय दररोजचें समाधान हा आहे. विषय ऐकावयास सोपा, परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या शेतावर तो शिकवावयाचा म्हणजे कठीण काम होय. वेचणीचे दिवस असतात. बायामाणसें ओटींत कापूस भरून आणीत असतात. आणि एखाद्या घरीं मात्र घरधनी दारांत नुसता बसून असतो. तो शेतांत जात नाहीं, पोटभर जेवत नाहीं, रात्रीं त्यास झोंप नाहीं. विचारलें तर म्हणतो, "माह्याच्यानं आता काई होत नाई." अशा घरीं आपण जातों, सतरंजीवर बसतों, चार चांगल्या गोष्टी सांगतों आणि "चिंता करूं नका, आनंदी रहा" असें म्हणून उठतों. आम्हींही असें पुष्कळदां केलें आहे. तो मनुष्य मान हालवितो खरा. परंतु आपण गेल्यावर अधिकच खालीं पाहतो. कारण, आपणांस आनंदी होतां येत नाहीं, हा एक नवा अपराध आपण त्याच्या ओझ्यावर ठेवून आलेले असतों.

मग अशा मनुष्यास काय द्यावें? एलीयाचा वृत्तांत नीट वाचा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविलेला हा पुरुष ईजबेल राणीच्या धमकीनें अरण्यांत पळाला, एका रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि आपणांस मरण यावें असें मागूं लागला. देव त्याजवर रागावला काय? त्यास उपदेश केला काय? नाहीं. प्रथम त्यास झोंप लागूं दिली. मग दूतानें त्यास उठविलें, तों उशाशीं ताजी भाकर व पाणी होतें. तो जेवला आणि पुन्हां निजला. पुन्हां उठवून पुन्हां त्यास जेवूं घातलें. त्यानंतर तो चालूं लागला. होरेबास पोंचल्यावर त्याचें सारें गाऱ्हाणें ऐकून घेण्यांत आलें, एकदां नव्हे तर दोनदां. नंतर त्यास काम दिलें आणि सोबतीस अलीशा दिला. आपण एकटेच उरलों असें जें तो म्हणत होता, तें खरें नसून अजून सात हजार शिल्लक आहेत, हें त्यास सर्वांच्या शेवटीं सांगण्यांत आलें.

क्रम ध्यानांत घ्या : झोंप, अन्न, चालणें, ऐकून घेणारा कान, काम, सोबत आणि मग विचाराची दुरुस्ती. आपण मात्र बहुधा शेवटापासून आरंभ करितों.

आजच्या वैद्यशास्त्राचा अनुभवही ह्याच वाटेनें जातो. गोव्यांत १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत खिन्नतेच्या विकारानें फार ग्रासलेल्या सुमारें ५०० रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांशीं बोलणारे लोक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें होतीं. सहा ते आठ बैठकींत ते रोग्यास एवढेंच शिकवीत कीं, मन बरें झालें म्हणजे काम करूं, असें म्हणून थांबूं नये. लहानसें उपयोगी काम आधीं करावें, मन त्याच्या मागून येतें. तीन महिन्यांनंतर ज्यांस हें साह्य मिळालें त्यांच्यापैकीं शेंकडा ६४ जणांचा विकार उतरला. ज्यांस केवळ दवाखान्यांतील उपचार मिळाले त्यांच्यापैकीं शेंकडा ३९ जणांचा. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांतही असें काम झालें. तेथें पूर्वीं खिन्नतेच्या दर १०० रोग्यांपैकीं सुमारें ४ जणच कोणाकडे साह्य मागत. दीड वर्षांत ती संख्या सुमारें २७ झाली. साध्या माणसाच्या हातून एवढें काम होतें, ही गोष्ट उपदेशकांनीं विसरूं नये.

तर मग घरोघरीं शिकवावयाच्या चार संवयी अशा :

पहिली, झोंप व जेवण. निजण्याउठण्याची वेळ एकच असावी. भूक नसली तरी वेळेवर ज्वारीची अर्धी भाकर व वाटीभर वरण पोटांत जावें. दारूनें झोंप लागते असें वाटतें. परंतु ती मोडकी झोंप असते, आणि सकाळीं मन अधिक जड होतें.

दुसरी, दररोज एक लहान काम. "सर्व शेत वेचा" असें सांगूं नका. "भाऊ, आज दोन ओळीच वेचूं, मीही येतों" असें म्हणा. बैलांस पाणी पाजणें, कुंपणाची एक काटी नीट करणें, हेंही पुरे. काम पुरें झालें कीं मनास एक साक्ष मिळते.

तिसरी, सोबत. खचलेला मनुष्य पारावर जाण्याचें टाळतो, उपासनेस मागें बसतो, पुढें येतच नाहीं. त्यास बोलावणें पाठवूं नका. आपण स्वतः जाऊन बरोबर घेऊन या.

चौथी, विचार तपासणें. "मी कशाच्याही कामाचा नाहीं" असें तो म्हणेल. "नाहीं, तुम्ही फार चांगले" असें उत्तर देऊं नका, तें त्यास पटणार नाहीं. विचारा, "काल बैलांस पाणी कोणीं पाजलें?" शुभ विचार म्हणजे गोड बोलून स्वतःस फसविणें नव्हे, तो खऱ्यास खरें म्हणणें होय.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. चांगल्या विचारानें कर्ज फिटत नाहीं व कापसाचा भाव वाढत नाहीं. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाण गांवचे साहेबराव करपे हे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले शेतकरी होते. १९ मार्च १९८६ रोजीं शेतीच्या विवंचनेंत त्यांचा व त्यांच्या कुटुंबाचा अंत झाला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही अनेक लोक उपवास करितात. असा मनुष्य आळशी होता किंवा त्याचा विश्वास दुबळा होता, असें कोणी म्हणूं नये. तसेंच २०१७ सालीं आपल्याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तेथें उणीव आनंदी मनाची नव्हती. तोंड झांकण्याची, हातमोज्यांची व वेळीं मिळालेल्या सल्ल्याची होती. म्हणून ज्यास धीर देतां, त्याच्या बरोबर बँकेंत व तलाठ्याकडेही जा.

आणि कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर विषय बदलूं नका. "दादा, जीव द्यावा असें मनांत येतें काय?" असें स्पष्ट व प्रेमानें विचारा. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्यानें ओझें हलकें होतें. त्यास एकटें सोडूं नका. फवारणीचें औषध घरांतून काढून दुसऱ्याच्या कुलुपांत ठेववा. गांवच्या आशा सेविकेस कळवा, आरोग्य केंद्रांत किंवा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयांत बरोबर न्या. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे. तेथें रात्रंदिवस, पैसे न घेतां, मराठींतही बोलतां येतें. डॉक्टरनें औषध दिलें तर तें घेणें हा अविश्वास नव्हे. एलीयाची भाकरही देवाकडूनच आली होती.

ह्या आठवड्यांत असें एक घर निवडा. जातांना उपदेश कमी आणि डब्यांत दोन भाकरी अधिक घेऊन जा. आठ दिवसांनीं पुन्हां जा. एलीयाकडेही दूत दुसऱ्यानें आला होता.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. एलीयास उपदेशापूर्वीं कोणत्या गोष्टी देण्यांत आल्या?

२. "मन झालें म्हणजे काम करूं" ह्या म्हणण्यांत कोणती चूक आहे?

३. आपल्या गांवांत एक महिन्यापासून कोण दिसला नाहीं? त्याच्याकडे कोण व केव्हां जाणार?