माणचं ऊन आणि फायबरमधलं काम

उन्हाने घट्ट होणाऱ्या रेझीनचा विषय निघाला की माण तालुक्यातले, दहिवडी-म्हसवडकडचे आईवडील विचारतात, याची पदवी कुठे मिळते आणि पुढे नोकरी कुठे लागते? या नावाची पदवी शोधू नका. काम मात्र आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या डोंगरमाथ्यांवर फिरताना दिसतं.

पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या किंवा सांगलीत ढालगाव, जतकडच्या पवनचक्क्यांची पाती लोखंडाची नसतात. काचतंतूंचं कापड रेझीनमध्ये भिजवून, थरावर थर देऊन ती घडवतात. हे कंपोझिट, कारागीर त्याला नुसतं फायबर म्हणतात. पाऊस आणि धुळीच्या माऱ्याने पात्याची पुढची कड झिजते. मग दुरुस्ती करणारा दोरावर लटकून खराब थर घासून काढतो आणि नवे बसवतो. साधं इपॉक्सी रेझीन घट्ट व्हायला काही तास लागतात, थंडीत त्याहून जास्त. अतिनील प्रकाशाचं रेझीन दिव्याखाली काही मिनिटांत होतं. त्यातला प्रकाश-उद्दीपक हा घटक किरण पडताच फुटतो आणि रेझीनचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. विमानाचे अनेक भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत 120 ते 180 अंशांवर तासन्‌तास भाजावे लागतात. प्रकाशाच्या रेझीनमध्ये भट्टीची ती वीज वाचते. योग्य रेझीन असेल, तर पातळ थराला आपलं ऊनही पुरतं.

पण ऊन सकाळी वेगळं, दुपारी वेगळं, आभाळ आलं की आणखी वेगळं. म्हणून या कामात खरी किंमत मोजमाप करणाऱ्याला आहे: बारकोल यंत्राने कठीणपणा तपासणारा, थर खालपर्यंत पक्का झाला का हे सांगणारा. काळ्या कार्बन कापडातून प्रकाश आत जात नाही, तिथे ही पद्धत चालत नाही. कुठे चालत नाही हे ज्याला ठाऊक, त्यालाच मी या विषयातला जाणकार म्हणेन.

दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्था) पॉलिमर अभियांत्रिकी, किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात मेकॅनिकल करून पुढे कंपोझिटकडे वळता येतं. संशोधनाची ओढ असेल तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. गोव्यातली किनेको कंपनी रेल्वे आणि विमान उद्योगासाठी कंपोझिटचे भाग बनवते. पात्यांवर चढायचं असेल तर ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनच्या निकषांचं सुरक्षा प्रशिक्षण आधी घ्यावं.

पालकांनी जोखीमही समजून घ्यावी. साध्या पॉलिस्टर रेझीनमधून स्टायरिनची वाफ निघते. या रेझीनचं पेरॉक्साइड हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. प्रकाशाच्या रेझीनला ही जोडी लागत नाही, पण मास्क आणि हातमोजे तिथेही हवेतच.

आणि एक मोठा प्रश्न उरतोच. घट्ट झालेलं हे रेझीन, उन्हाने असो वा भट्टीत, पुन्हा वितळत नाही. साताऱ्यातल्या जुन्या पवनचक्क्यांचं आयुष्य आता संपत आलं आहे, आणि उतरवलेल्या पात्यांचं करायचं काय, याचं स्वस्त उत्तर अजून सापडलेलं नाही. रसायनशास्त्रात रमणाऱ्या मुलीला किंवा मुलाला हा प्रश्न पुढची वीस वर्षं काम देईल. प्रवेशाआधी सुट्टीत त्यांना एखाद्या फायबरच्या कारखान्यात दोन दिवस घेऊन जा. वास, धूळ आणि काम बघूनही डोळे चमकले, तरच अर्ज भरा.