चेंडू बदलला की खेळ बदलतो?

प्रश्न : माझा नातू सोसायटीत टेनिस बॉलने भल्याभल्यांचे त्रिफळे उडवतो. यंदा त्याला उन्हाळी शिबिरात घातलं. तिथे सीझन बॉल हातात आला आणि स्वारी गडबडली. आता म्हणतो, ‘आजोबा, तो खेळच वेगळा आहे.’ बॅट तशीच, स्टंप तेच, नियम तेच. मग नुसत्या चेंडूने खेळ कसा वेगळा होईल? — एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, माफ करा, पण आम्हाला नातवाची बाजू घ्यावी लागते आहे. आधी एक प्रयोग करून बघा. दोन्ही चेंडू खांद्याइतक्या उंचीवरून खाली सोडा. मात्र घरातल्या फरशीवर नको, अंगणातल्या सिमेंटवर. टेनिस बॉल निम्म्याहून थोडा वर येईल. ही उसळी योगायोगाची नव्हे, ती टेनिसच्या नियमांतच लिहिलेली आहे : २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. सीझन बॉल मात्र साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच उठेल.

कारण पोटात आहे. टेनिस बॉल म्हणजे रबराची पोकळ वाटोळी डबी आणि आत कोंडलेली हवा. जमिनीवर आपटला की तो चेपतो आणि स्प्रिंगसारखा पुन्हा फुलतो. सीझन बॉलच्या पोटात बूच, त्याभोवती घट्ट गुंडाळलेला धागा आणि वर चामडं. आपटल्यावर आतल्या थरांचं एकमेकांशी घर्षण होतं आणि बरीचशी शक्ती उष्णता होऊन तिथेच जिरते. म्हणून ज्या टप्प्यावर टेनिस बॉल फलंदाजाच्या खांद्यावरून जातो, त्याच टप्प्यावर सीझन बॉल कमरेपाशी येतो आणि सीमापार जातो. तुमच्या नातवाचं बहुधा हेच झालं असणार. त्याचा टप्पा चुकला नाही, त्या टप्प्याचा अर्थ बदलला.

दुसरा फरक वजनाचा. दोन्ही चेंडू आकाराने जवळपास सारखे. पण सीझन बॉल भरतो १५५.९ ते १६३ ग्रॅम, तर टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅम, म्हणजे साधारण एक तृतीयांश. वेग आणि आकार सारखा असला की हवा दोघांना जवळपास सारख्याच जोराने अडवते. हलक्या चेंडूला मात्र तो अडथळा तिपटीने जाणवतो आणि तो वाटेतच मंदावतो. फलंदाजासाठी याचा अर्थ मोठा आहे. सीझन बॉलवर तो गोलंदाजाचा वेग उसना घेऊ शकतो. नुसती बॅट तिरकी लावली तरी चेंडू थर्डमॅनला पळतो. टेनिस बॉलवर अशी उसनवारी चालत नाही, सगळा जोर स्वतःच्या खांद्यातून काढावा लागतो. गल्लीतले फलंदाज आडव्या बॅटने ओढतात ते त्यांना तंत्र ठाऊक नसतं म्हणून नव्हे, त्या चेंडूला तेच तंत्र लागतं म्हणून.

तिसरी गोष्ट शिवणीची. सीझन बॉलच्या मधोमध टाक्यांची उंच वरवंडी असते. ती किंचित तिरकी ठेवून चेंडू सोडला, की तिच्या बाजूने जाणारी हवा खवळते. खवळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. यालाच आपण स्विंग म्हणतो. खेळाडू चेंडूची एकच बाजू पँटवर घासत बसतात तेही याचसाठी : एक गाल गुळगुळीत, दुसरा खरखरीत राहावा. टेनिस बॉलला सगळीकडून सारखीच लव असल्याने दोन्ही बाजूंची हवा सारखीच वागते. यावर कराचीच्या गल्ल्यांनी उपाय काढला : टेनिस बॉलवर विजेच्या वायरींची चिकटपट्टी गुंडाळायची. एकाच बाजूला गुंडाळली की तोही वळू लागतो.

खरं तर काही खेळ चेंडू बदलल्यामुळेच जन्माला आले. युरोपातल्या जुन्या टेनिसचा चेंडू लोकर नि केस भरलेला, टणक असे. तो दगडी फरशीवर उसळे, गवतावर मात्र निपचित पडे. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पुढे पोकळ रबरी चेंडू निघाला आणि १८७४मध्ये मेजर विंगफिल्ड यांनी हिरवळीवरच्या टेनिसचं पेटंट घेतलं. मेक्सिकोच्या प्राचीन लोकांकडे मात्र तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच भरीव रबरी चेंडू होते. काही किलोंचा तो जड चेंडू हाताने झेलायचा नव्हे, तर कमरेने टोलवायचा, असा खेळ तिथे रचला गेला.

त्या मानाने अलीकडचं उदाहरण टेबल टेनिसचं. २००० साली चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० केला. फरक अवघा दोन मिलिमीटरचा. तरी चेंडूचा वेग आणि फिरकी कमी झाली, आणि फिरकीवर पोट असलेल्या खेळाडूंना नव्याने शिकावं लागलं.

तेव्हा नातवाला थोडा वेळ द्या. आणि तो पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट मागेल तेव्हा खर्चाकडे बघू नका. ती त्या नव्या चेंडूची किंमत आहे.

प्रश्न : खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या यांपैकी एकाही खेळात चेंडू नाही. आपल्या लोकांना चेंडूचं वावडं होतं का? — एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त कंदुकावती नावाची राजकन्या आहे आणि तिच्या चेंडू खेळण्याचं त्यात सविस्तर वर्णन आहे. कालियाच्या डोहात चेंडू पडल्याची गोष्ट तर आपण आजीकडून ऐकलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंद विजय जिमखाना अशा संस्थांनी देशी खेळांना नियमांत बसवलं, तेव्हा खो-खो, हुतुतू मैदानावर आले. लगोरी आणि आबाधुबी हे चेंडूचे खेळ मात्र बऱ्याच अंशी अंगणातच राहिले.

चेंडूचं काम काय, हे पाहिलं तर कोडं सुटतं. कुठे वळेल, किती उसळेल हे पुरतं सांगता येणार नाही अशी एक वस्तू मैदानात हवी असते, जिच्यामागे सगळ्यांनी धावावं. खो-खोत ते काम पळणारा गडीच करतो. हुलकावणी देतो, गर्रकन वळतो, खांबाआड दडतो. म्हणजे चेंडू आहेच, फक्त त्याला पाय आहेत.

लगोरीत दोन्ही येतं : चेंडूमागे माणसं धावतात आणि माणसांमागे चेंडू. म्हणूनच पूर्वी घरोघरी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून तिचा चेंडू करत. पाठीत बसला तर आवाज व्हावा, वळ उठू नये, इतकाच त्याचा कडकपणा. लगोरी सीझन बॉलने का खेळायची नाही, हे आजवर कुठल्याही मुलाला समजावून सांगावं लागलेलं नाही. साताऱ्याचा नातू आजोबांना वेगळं काय सांगत होता?