कवडशातले कण

मुलांनो, हिवाळ्यातील एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. सोयगाव तालुक्यात कापूस भरपूर पिकतो. वेचणी संपली की शेतातल्या पऱ्हाट्या घरी येतात आणि चुलीत जातात. अम्मी चुलीपुढे बसून भाकरी थापत आहे. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत आला आहे. त्या कवडशात नीट पाहा. धुराचे आणि राखेचे किती बारीक कण तरंगत आहेत! ऊन सरकले की ते दिसेनासे होतात, पण ते तेथेच असतात. अम्मी श्वास घेते, तुम्हीही घेता. मग हे कण जातात कोठे?

काही कण नाकात अडकतात. काही मात्र श्वासनलिकेत उतरतात. या नलिकेच्या आतल्या बाजूला एक चिकट थर असतो. तुम्ही घरी त्याला बलगम म्हणता, मराठीत त्याला कफ म्हणतात. हकीम बलगमला चार अखलातांपैकी एक मानतात आणि वैद्य कफाला तीन दोषांपैकी एक मानतात. आपण मात्र त्याला नुसती घाण समजतो. खरे पाहता तो आपला झाडूवाला आहे. आत आलेला कण त्याला चिकटतो.

या थराखाली केसांसारखे अतिशय सूक्ष्म तंतू असतात. त्यांना रोमक म्हणतात. एकेका पेशीवर सुमारे २०० रोमक असतात आणि ते सेकंदाला १० ते २० वेळा हलतात. ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची लाट जावी, तसे ते एकामागून एक वाकतात. त्यामुळे कफ मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने गळ्याकडे सरकतो. तेथे आपण तो नकळत गिळून टाकतो. रात्री झोपेतही हे काम चालूच असते.

वर्षानुवर्षे धूर आत गेला की हे काम बिघडते. रोमक मंदावतात, काही नष्ट होतात. कफ वाढतो आणि घट्ट होतो. जे काम गुपचूप व्हायचे, ते मग खोकल्याला करावे लागते.

पण छातीच्या आत कफ सरकतो की थांबला आहे, हे पाहायचे कसे? राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, त्यामुळे फुप्फुसाचे छायाचित्र मिळू लागले. मात्र ते एका क्षणाचे चित्र असते. हालचाल पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी निराळी युक्ती काढली. रुग्णाला औषधाच्या वाफेसारखा एक बारीक फवारा श्वासातून घ्यायला देतात. त्यात टेक्नेशियम नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ अगदी थोडा असतो. दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. बाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, तो छातीतून येणारे किरण टिपतो. थोड्या थोड्या वेळाने चित्रे घेतली की कणांचा प्रवास दिसतो. जणू छातीतच कवडसा पडला! फुप्फुसाच्या अशा तपासणीसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने फवारा तयार करणारे यंत्र आपल्याच देशात बनवले.

निरोगी माणसाच्या चित्रात मोठ्या नलिकांतील ठिपके वर सरकत जातात आणि हळूहळू फिके होतात. आजारी माणसाच्या चित्रात ते नलिकांच्या फाट्यांवर ढिगाने साचलेले दिसतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी तर याहून पुढे मजल मारली. जपानमधील 'स्प्रिंग-एट' या प्रचंड यंत्राच्या क्ष-किरणांनी त्यांनी जिवंत उंदराच्या श्वासनलिकेत एकेक कण सरकताना पाहिला.

श्वासनलिका अरुंद होत जाण्याच्या या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गावात त्यालाही दमाच म्हणतात, पण दमा निराळा. हा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, असा समज होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की, या आजाराचे सुमारे २५ ते ४५ टक्के रुग्ण असे आहेत, ज्यांनी कधीच धूम्रपान केलेले नाही. त्यामागच्या कारणांत चुलीचा धूर हे एक मोठे कारण. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅस आला, पण सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते.

सोयगाव तालुक्यातल्या फर्दापूरच्या फाट्यावर अजिंठ्याला जाणाऱ्या खाजगी गाड्या थांबवतात. गाड्यांच्या धुराने लेण्यांतील चित्रे खराब होऊ नयेत, म्हणून पुढचे ४ किलोमीटर बसनेच जावे लागते. चित्रांची ही काळजी योग्यच आहे. चुलीपुढच्या माणसांसाठी मात्र असा फाटा कोणी केलेला नाही.

तुमच्या घरी कोणाला सलग २ वर्षे, दर वर्षी निदान ३ महिने, कफासह खोकला येत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. नानी म्हणेल, "अरे, वय झाले माझे!" तरीही तिला दवाखान्यात न्या. त्यासाठी गॅमा कॅमेरा लागत नाही. एका नळीत जोराने फुंकायला सांगतात. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. नानीचा श्वास किती मोकळा आहे, हे त्या फुंकरीवरून थोड्या वेळात कळते.