धूमकेतूची शेपटी कोणीकडे?

बालमित्रांनो, तुम्ही धूमकेतू पाहिला आहे का? मी पाहिला, आणि त्याचा फोटोही काढला. त्याचीच ही माहिती.

2024 साली दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे 12 ऑक्टोबरला, त्सुचिनशान-ॲटलस नावाचा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला होता. जवळ म्हणजे सुमारे 7 कोटी किलोमीटरवर!

माझे मामा जालन्याहून लहान दुर्बीण घेऊन आमच्या गावी आले. आजी म्हणाली, "शेंडेनक्षत्र हाये ते. काहून बघता? ज्याच्या घराकडं शेपूट, त्याचं वाटोळं." मला भीती वाटली. मामा म्हणाले, "आधी फोटो काढू. मग शेपूट कोणाकडं ते बघू."

दोन दिवस ढग होते. 15 तारखेला आभाळ मोकळे झाले. सूर्य पुरता मावळेपर्यंत मामांनी दुर्बिणीला हात लावू दिला नाही. दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर डोळे जातात. सात वाजता पश्चिमेला, शुक्र आणि स्वाती यांच्या मधे, धूमकेतू सापडला.

दुर्बिणीला मोबाईल लावून फोटो काढला. त्यात नुसते डोके आले, कापसाच्या बोंडासारखे. शेपटी मावेना, कारण दुर्बीण आभाळाचा एवढासाच तुकडा दाखवते. मग मोबाईल गच्चीवर दोन विटांमधे घट्ट बसवला आणि 8 सेकंद प्रकाश आत येऊ दिला. लांब शेपटी उमटली! 30 सेकंद ठेवले तेव्हा ताऱ्यांच्या बारीक रेघा झाल्या, कारण पृथ्वी फिरते.

मामांनी विचारले, "सूर्य कुठं मावळला?" मी फोटोत खाली बोट ठेवले. शेपटी बरोबर उलट, वर गेली होती. धूमकेतू बर्फाचा व धुळीचा असतो. सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होते, धूळ सुटते, आणि सूर्याकडून येणारा प्रकाश व वारा त्यांना मागे लोटतो. म्हणून शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. कोणाच्या घराकडे नसते.

मी फोटो आजीला दाखवला. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी कोजागिरीला दूध आटत असताना तीच म्हणाली, "कुठं हाये रे तुझं शेंडेनक्षत्र?" चांदण्यामुळे शेपटी पुसट दिसली, तरी आजीने पाहिली.

मित्रांनो, दुर्बीण नसली तरी चालते. घाबरण्याआधी एकदा नीट पाहावे, एवढेच.