धनुर्वात आणि प्रतिक्षिप्त क्रिया

पायात काटा मोडताच पाऊल आपोआप वर उचलले जाते. काटा मोडल्याचे मनास कळण्यापूर्वीच हे घडून गेलेले असते. बैलाच्या डोळ्याजवळ माशी आली असता त्याची पापणी मिटते तीही त्याच्या इच्छेने नव्हे. वेदनेचा निरोप मज्जातंतूंच्या वाटे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस अथवा मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागास पोहोचतो आणि तेथूनच स्नायूंस परस्पर हुकूम सुटतो. ह्या व्यवहारास शास्त्रात प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकले असता पाय पुढे उडतो, हे निदानाचे साधन म्हणून १८७५ साली एर्ब व वेस्टफाल ह्या दोघा जर्मन वैद्यांनी प्रसिद्ध केले. तेव्हापासून मज्जासंस्थेची प्रकृती ठीक आहे की नाही हे पाहण्यास वैद्य त्याचा उपयोग करीत आले आहेत.

परंतु हुकूम सुटणे हा अर्धाच भाग झाला. इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन ह्यांनी दाखवून दिले की, पाय आखडणाऱ्या स्नायूंस चेतना मिळत असतानाच पाय ताणणाऱ्या स्नायूंस ‘सैल व्हा’ असा उलट संदेश पोहोचलेला असतो. गाडीचे बैल उजवीकडे वळवावयाचे तर उजवा कासरा ओढावा लागतो आणि डावा सैल सोडावा लागतो. दोन्ही एकदम ताणले तर बैल जागच्या जागी अडतात. शरीराचेही तसेच आहे. ह्या कार्याबद्दल त्यांस १९३२ सालचे नोबेल पारितोषिक एड्रियन ह्यांजबरोबर मिळाले.

धनुर्वात हा रोग म्हणजे हा सैल सोडण्याचा संदेशच बंद पडणे होय. सुश्रुताने ह्यास धनुःस्तंभ म्हटले ते रोग्याच्या धनुष्यासारख्या वाकलेल्या शरीरावरून. रोगाचे जंतू बीजरूपाने जमिनीत, विशेषतः खतावलेल्या जमिनीत, आणि घोड्यांच्या व इतर जनावरांच्या शेणा-लिदीत वास करतात. साध्या उकळण्याने ही बीजे खात्रीने मरत नाहीत. खोल व तोंड मिटलेल्या जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, ती रुजतात व विष निर्माण करतात. ते विष मज्जातंतूंतून चढत मज्जारज्जूत पोहोचते आणि अवरोध करणाऱ्या पेशींचे काम थांबविते. मग दाराचा आवाज, दिव्याचा उजेड, अंगास लागलेला हात, एवढ्यानेही सर्व स्नायू एकदम आवळले जातात. आपल्या कोकणातील काजऱ्याच्या बीचे, म्हणजे कुचल्याचे, विष जवळपास हेच करते. शेरिंग्टन ह्यांनी ही दोन्ही विषे प्रयोगात वापरून पाहिली, तेव्हा जेथे स्नायू सैल व्हावयाचा तेथे तो उलट आकुंचन पावला.

घोड्यास हा रोग फार लवकर जडतो, गाईबैलांस त्या मानाने कमी, कुत्र्यास क्वचित. घोड्याचे कान ताठ, शेपटी किंचित वर, चारी पाय लाकडी घोडीसारखे फाकलेले दिसतात. हनुवटीखाली हलकी टिचकी मारली असता डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसरी पापणी झरकन डोळ्यावर येते. ही खूण ओळखण्यास पदवी लागत नाही. बैलाचे दात बसतात व पोट फुगते. अशा जनावरास बांबूच्या नळीने काढा पाजण्याची आपल्याकडे जी घाई होते ती घातक आहे. गिळण्याची क्रियाच बिघडलेली असल्याने तो काढा फुप्फुसात उतरतो. शिवाय दातखीळ अथवा लाळ दिसली की पिसाळण्याचाही संशय धरावा व उघड्या हाताने तोंडात चाचपू नये. जनावर अंधाऱ्या, निवांत गोठ्यात बांधून पशुवैद्यास बोलवावे.

मनुष्याच्या बाबतीत एक साधी परीक्षा मुंबईच्या आपटे व कर्नाड ह्या डॉक्टरांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. घशाच्या मागील भागास पट्टीने स्पर्श केला तर निरोगी मनुष्यास उबळ येते व तो पट्टी बाहेर ढकलतो. धनुर्वाताचा रोगी मात्र जबडा आवळून तीच पट्टी चावून धरतो. त्यांच्या ३८० धनुर्वाती रोग्यांपैकी ३५९ जणांत ही खूण मिळाली व ज्यांस हा रोग नव्हता त्यांपैकी एकातही मिळाली नाही. यंत्राशिवाय, रक्त न काढता इतके निश्चित उत्तर देणारी परीक्षा विरळा.

१८९० साली बेरिंग व किटासाटो ह्यांनी विषाचा प्रतिकार करणारा रक्तद्रव तयार होतो हे सिद्ध केले. घोड्यास निर्विष केलेले विष वाढत्या मात्रेने टोचून त्याच्या रक्तातून हा द्रव काढतात. पुण्याचा ह्या विद्येशी संबंध जुना आहे. १८८९ साली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा पुण्यातच निघाली, ती १८९३ साली मुक्तेश्वरास गेली. पुढे १९६६ साली हडपसर येथे सायरस पूनावाला ह्यांनी सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्यांच्या घराण्याच्या अश्वशाळेतील निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेस जात असत. नव्या संस्थेच्या अगदी पहिल्या उत्पादनांत धनुर्वाताचा प्रतिविषद्रव होता. जो प्राणी ह्या रोगास सर्वांत अधिक बळी पडतो त्याच्याच रक्तातून त्यावरील औषध निघावे, हा योग विलक्षण खरा.

तथापि मज्जारज्जूत एकदा घट्ट बसलेले विष हा द्रव काढू शकत नाही. म्हणून लस आधी घेणे हाच मार्ग. विळ्याने नाळ कापून तीवर शेण लावण्याच्या चालीने पूर्वी किती अर्भके दगावली असतील! गरोदर स्त्रियांस लस व स्वच्छ बाळंतपण ह्यांमुळे २०१५ साली भारतातून नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे बीज नाहीसे झाले असे नव्हे. ते शेतात आहे तेथेच आहे. नाल ठोकताना, खच्चीकरणाच्या वेळी, फाळ लागून झालेल्या जखमेत ते शिरू शकते. जखम साबणपाण्याने धुवावी, तीत माती, शेण वा राख भरू नये आणि दवाखान्यात जावे. घोड्यास लस टोचून घ्यावी. मोठ्या माणसांनी दर १० वर्षांनी मात्रा घ्यावी. ज्यास हा रोग होऊन गेला त्यासही ती घ्यावी लागते, कारण रोग उत्पन्न करण्यास पुरेसे विष इतके थोडे असते की त्यापासून शरीरास प्रतिकारशक्ती येत नाही.